वाघरीतली रिकामी खाच

बाई,

तुम्हाला उत्तर देता येत नसताना तुमच्याशी बोलायची मला सवय झाली आहे. शेवटचे काही आठवडे मी तेच करत होतो. रोज सकाळी सांगलीच्या वसतिगृहातून, माझ्या सेटवरून, मी आपल्या रेडिओ मंडळाच्या हजेरीला "हजर" म्हणायचो, हवामानाची दोन वाक्यं बोलायचो आणि बंद करायचो. साताऱ्यात तुमच्या टेबलाशी बसून तुम्ही ते ऐकताय, हे मला पक्कं ठाऊक असायचं. तुम्हाला ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं. ते का, हे आपल्या मंडळातल्या कुणालाच माहीत नाही, असं मी धरून चाललो होतो. तुम्हाला होतं, मला होतं, आणि तुमच्या यजमानांना, काकांना. तुम्ही सगळ्यांना एवढंच सांगितलंत, "सेट दुरुस्तीला आहे."

आता मंडळाच्या अंकात तुमच्यावर मी लिहायचं असं ठरलं आहे. कारण काय, तर "तू बाईंचा लाडका." नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणालो असतो तर तेही गप्प बसणंच झालं असतं. म्हणून लिहितो. चुकलं तर नेहमीसारखं लाल पेनाने खूण करा.

तुम्ही पहिल्यांदा दिसलात ते आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत. हौशी रेडिओ म्हणजे काय, परवाना काढून माणसं स्वतः बनवलेल्या सेटवरून एकमेकांशी कशी बोलतात, हे सांगायला तुम्ही एसटीने आला होतात. सेट भाजीच्या पिशवीत होता. पिशवीतून लाकडी खोकं निघालं तेव्हा मागच्या बाकावरची पोरं हसली. मीही हसलो असेन. खोक्याच्या दोन्ही बाजूंना करवतीने पाडलेल्या खाचा होत्या आणि त्या खाचांत पाट्या उभ्या होत्या. सर्किट बोर्डाला तुम्ही पाटीच म्हणायचात. पाचगणीच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलेलं, तुमच्या तोंडी दुसरा शब्द येणार तरी कुठला? एक पाटी लहरी तयार करते, दुसरी नको त्या लहरी गाळते, तिसरी आवाज मोठा करते, आणि शेवटची, ताकदीची पाटी, आपलं बोलणं गच्चीवरच्या तारेपर्यंत ढकलते. सगळ्यांचं माप एकच, पोस्टकार्डाएवढं. सगळ्यांच्या मागे एकसारखा आठ पिनांचा जोड.

"पोस्टकार्डच का, मॅडम?" कुणीतरी विचारलं.

"मॅडम नाही, बाई. आणि पोस्टकार्ड अशासाठी की ते कुठल्याही गावात मिळतं. पत्र्यावर ठेवायचं, पेन्सिल फिरवायची, कापायचं. फूटपट्टी वाचता येते असा दावा करणारी पुष्कळ माणसं मी पाहिली आहेत."

मग तुम्ही सेट बंद केलात, आवाजाची पाटी उपसून काढलीत आणि पर्समधून दुसरी काढून त्या खाचेत सरकवलीत. "ही पाचगणीच्या एका स्ट्रॉबेरीवाल्याने केली आहे. डाग बघा कसे दिलेत. सोल्डरिंग केलंय की भजी तळलीत, कळत नाही. पण माप बरोबर आहे." सेट चालू केलात, आणि आवाज पहिल्यासारखा यायला लागला.

माझ्या तोंडून निघून गेलं, "वाघरीसारखं हाय हे."

सगळा वर्ग हसला. मला जमिनीत जावंसं वाटलं. 'हाय' म्हणालो म्हणून, आणि वाघर म्हणालो म्हणूनही. कॉलेजात येऊन महिना झाला नव्हता आणि आपण मेंढरामागची माणसं आहोत हे मी अजून कुणाला कळू दिलं नव्हतं. तुम्ही मात्र खुर्ची ओढून समोर बसलात. "वाघर म्हणजे?"

मी सांगितलं. आटपाडीकडची आमची माणसं मेंढरं घेऊन चरायला निघतात तेव्हा चार घरं एकत्र निघतात. मुक्कामी मेंढरं कोंडायला प्रत्येक घराची आपापली जाळी असते, तिला वाघर म्हणतात. कुणाची नवी, कुणाची ठिगळाची, पण उंची सगळ्यांची सारखी आणि टोकाचा फासही सारखा. त्यामुळे कुणाचीही वाघर कुणाच्याही वाघरीला जोडता येते. रस्त्यात अनोळखी घर येऊन मिळालं तरी त्याची जाळी आपल्या जाळीला बसते. नाहीतर मधे भगदाड राहील आणि लांडगा तिथूनच येईल.

"आणि आम्ही समजत होतो की हे आम्हीच शोधून काढलं," तुम्ही म्हणालात. त्या दिवसापासून तुमच्या खोक्याचं नाव वाघर पडलं. मेढ्याला, कराडला, पाचगणीला, जिथे जिथे तसली खोकी होती तिथल्या सगळ्यांनी तेच नाव उचललं. बाई, माझ्या घरातला एक शब्द साताऱ्यातल्या शिकलेल्या माणसांच्या टेबलावर गेला होता. मला केवढं वाटलं होतं, ते तुम्हाला कधी सांगता आलं नाही.

पुढे तुम्ही मला परवान्याच्या परीक्षेला बसवलंत, डाग द्यायला शिकवलंत. एकदा तर आमच्या घरी आलात. तात्यांनी, माझ्या वडिलांनी, घोंगडं अंथरलं आणि तुमच्यासमोर उकिडवं बसून विचारलं, "आवं बाई, ह्यो तुमच्याकडं येऊन करतोय तरी काय?"

"बोलायला शिकतोय."

"मग लय फी घ्या. घरात तर त्वांड उघडत न्हाई."

आई आतून हसली. तुम्ही तर ठसका लागेपर्यंत हसलात. परत जाताना तात्यांनी शेळीच्या दुधाची बाटली तुमच्या पिशवीत घातली, सेटच्या शेजारी. एसटीत ती सांडली. तुम्ही पाट्या पुसून उन्हात वाळवल्यात आणि दुसऱ्या सकाळी हजेरीला जाहीर केलंत, "आमच्या वाघरीला अभिषेक झाला."

आता ते लिहितो जे लिहायला बसलो होतो.

तुमची ताकदीची पाटी बिघडली. ट्रान्झिस्टर गेला होता, बाकी सगळं शाबूत होतं. सुट्टी संपवून मी सांगलीला निघालो होतो, वाट वाकडी करून साताऱ्याला तुमच्याकडे आलो, तेव्हा तुम्ही ती माझ्या हातात दिलीत. "माझा हात आता थरथरतो. तूच कर. घाई नाही, पण आण." तुम्ही तुमची पाटी दुसऱ्याला दिल्याचं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

कॉलेजात तेव्हा प्रकल्पांचं प्रदर्शन जवळ आलं होतं. मी वाघर नेली असती तर सगळे म्हणाले असते, हा त्या साताऱ्याच्या बाईंचा सेट. खरंच होतं ते. पण मला माझं काहीतरी हवं होतं. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. गावी गेलो की माणसं विचारतात, "काय बनिवलंस रं?" त्यांना हातात धरून दाखवता येईल असं काहीतरी. मी दुप्पट ताकदीची पाटी आखली. दोन ट्रान्झिस्टर, वर उष्णता काढून टाकणारा मोठा पत्रा. ती पोस्टकार्डात बसेना, म्हणून बोटभर जास्त रुंद केली. तिला जास्त दाबाची वीज हवी होती, म्हणून सहावी पिन वापरली.

सहावी पिन. मंडळाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आठ पिनांपैकी सहावीला बाईंनी काहीच जोडलेलं नव्हतं आणि कुणी जोडायचं नाही असा नियम होता. पुढे कुणाला काही सुचलं तर सगळे मिळून ठरवू, तोवर ती मोकळी. मी विचारलंच नाही.

आणि बाई, मी तुमच्या पाटीवरचा पत्रा काढला, गुंडाळ्या काढल्या, जोडही काढला. माझ्या पाटीला लागत होते. बाजारातून मागवता आले असते. प्रदर्शन तोंडावर होतं, एवढंच कारण. तुमची पाटी माझ्या ट्रंकेत नुसता भोकांचा तुकडा होऊन पडली.

प्रदर्शनात माझ्या पाटीचं कौतुक झालं. ती घेऊन मी साताऱ्याला आलो. दुरुस्तीऐवजी नवीन, दुप्पट ताकदीची, तुम्ही खूश व्हाल असं मला मनापासून वाटत होतं, हे तरी खरं माना. तुम्ही चष्मा बदललात, पाटी उजेडात धरलीत, एकेक डाग पाहिलात. "सुरेख आहे. माझ्यापेक्षा चांगला हात आहे तुझा." मग वाघरीकडे वळून तिला खाचेशी धरलंत. "पण बसत नाही, बिरू."

"खाच रुंद करू बाई. किंवा नवीन खोकं करू."

"आणि पाचगणीला? मेढ्याला?"

"त्यांनीपण करावं. किती वर्षं पोस्टकार्डात अडकून राहायचं? पुढं जायला नको का?"

"पुढं जा की. मी धरून ठेवलंय का? पोस्टकार्डात बसव आणि खुशाल जा."

"न्हाई बसत!" रागावलो की माझी भाषा घरी जाते.

"मग तुझं डिझाइन अर्धंच झालंय. आणि ही सहावी पिन? मेढ्याच्या कंपाउंडरने उद्या तुझी नक्कल करून त्याच्या खोक्यात घातली, तर त्याच्या बाकीच्या पाट्यांचं काय होईल, सांग."

"त्यानं आधी वाचावं. न्हाई कळलं तर करू नये."

तुम्ही चष्मा काढून ठेवलात. मग अगदी साध्या आवाजात विचारलंत, "वाघर हा शब्द या घरात कुणी आणला रे?"

मी पाटी पिशवीत टाकली आणि निघालो. काका चहा घेऊन येत होते, त्यांच्यासाठीही थांबलो नाही. जुन्या पाटीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत. ती माझ्याकडेच आहे आणि मी ती करून आणीन, एवढंच तुम्ही धरून चाललात. तिचं काय झालंय हे तुम्हाला कधीच कळलं नाही. आज या अंकात पहिल्यांदा सांगतोय.

तुमचा सेट मुका झाल्यापासून हजेरी तुमच्याऐवजी पाचगणीचे मामा घेत होते, म्हणजे तुमचे तेच स्ट्रॉबेरीवाले, भजी तळणारे. रोज ते एकेकाचं कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं ओळखीचं चिन्ह, पुकारायचे. तुमचं पुकारलं की थोडं थांबायचे आणि म्हणायचे, "बाई ऐकत असत्याल. पुढं चला." मग माझं यायचं. मी "हजर" म्हणायचो. जुनी पाटी नीट करायला मला एक रविवार पुरला असता. रोज ठरवायचो. पण केली असती तर घेऊन यावं लागलं असतं, तुमच्यासमोर उभं राहावं लागलं असतं, तुम्ही बोलला असतात. तुमच्या खोक्यात ती पाटी नव्हती तोवर तुम्ही मला काही विचारू शकत नव्हतात. बाई, मला ते सोयीचं वाटत होतं. यापेक्षा वाईट काही माझ्याकडे सांगण्यासारखं नाही.

फोन होता. तुम्ही तोही केला नाहीत. मीही नाही.

मग एक दिवस काकांचा फोन आला, अगदी थोडक्यात. "गेली रे. झोपेतच." आणि मग, "मंडळाची ती शेवटची हजेरी असते ना, ती तिच्या सेटवरून घ्या. मला ऐकायचीय."

आपल्यात कुणी गेलं की पुढच्या हजेरीला त्याचं कॉलसाइन तीनदा पुकारायचं आणि मिनिटभर कुणी बटण दाबायचं नाही, ही रीत. तुमच्याच तोंडून मी ती दोनदा ऐकली होती. पहाटेच्या एसटीने मी साताऱ्याला आलो. पिशवीत माझी दुप्पट ताकदीची पाटी होती. का आणली होती कोण जाणे. तुमच्या टेबलाशी उभं राहिल्यावर मी खरंच ती एकदा खाचेशी धरून पाहिली. काही आठवड्यांत लाकूड थोडंच रुंद होणार होतं?

मामा आले ते टोपीतून घाम पुसत. "बस गावंना, टेम्पोनं आलो. पेट्यांवर बसून." कोटाच्या खिशातून त्यांनी रुमालात बांधलेली ताकदीची पाटी काढली. त्यांची स्वतःची, त्यांच्या सेटमधून उपसून आणलेली. तेच ओबडधोबड डाग. माझ्या हातातली पाटी त्यांनी पाहिली. "लय झ्याक हाय गड्या. बसती का?"

"न्हाई."

 खाचेत काहीतरी उभं होतं, ते त्यांनी दोन बोटांनी ओढून काढलं. कोरं पोस्टकार्ड होतं. त्यांनी ते माझ्याकडे दिलं आणि आपली पाटी सरकवली. मागच्या जोडात बसताना टक आवाज झाला. मामांनी ही पाटी बनवली तेव्हा तुमचं खोकं त्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं, हे तुम्हीच सांगायचात. कागदावरचं माप त्यांनी पाळलं होतं, बस्स.

मी पोस्टकार्ड उलटून पाहिलं. वाटलं, काहीतरी लिहिलं असेल, एखादा टोमणा तरी. दोन्ही बाजू कोऱ्या होत्या.

"तिनंच घातलंय ते," काका दारातून म्हणाले. "खाचेत धूळ जायला नको म्हणून. मामा तर तेव्हाच आपली पाटी द्यायला आले होते. नको म्हणाली. पोरगा आणतोय, म्हणाली, त्याची जागा आहे ती."

मामांनी सेट चालू केला. मग त्यांनी हजेरी घेतली. मेढा आला, कराड आलं, पार कोल्हापूरकडची माणसं आली. तुमचं चिन्ह तीनदा पुकारलं आणि सगळे थांबले. काका खुर्चीत बसून त्या खरखरीकडे कान लावून होते, जणू त्यातून काही येणार होतं. मिनिट झाल्यावर मामांनी माइक माझ्याकडे केला. "तू बोल रं बिरू. लाडका तू."

तेव्हा सांगायला हवं होतं. तुमच्या सेटवरून, तुमच्या टेबलावरून, सगळे ऐकत होते. मी माझं चिन्ह सांगितलं, "हजर" म्हणालो आणि बटण सोडलं. लोकांना वाटलं, रडू आलं.

जाताना मामा त्यांची पाटी परत घेऊन गेले, त्यांचा सेट मुका झाला होता. काकांनी पोस्टकार्ड पुन्हा खाचेत उभं केलं.

वसतिगृहात आल्यावर तुमची ती भोकांची पाटी ट्रंकेतून काढली आणि माझ्या पाटीवरचं तुमचं सगळं सामान उतरवलं. गुंडाळ्या, पत्रा, जोड, जिथल्या तिथे. ट्रान्झिस्टर एकच, नवा. एकेक डाग तुमच्यासारखा उजेडात धरून पाहिला. एक रविवार लागला. सहाव्या पिनेला काहीही नाही.

एक मात्र मला अजून पटलेलं नाही, आणि ते आत्ता तुम्हाला बरं वाटावं म्हणून पटलं असं म्हणणार नाही. माप कधीतरी बदलावं लागेल. सुटे भाग लहान होत चाललेत आणि परवा पोस्टात पोस्टकार्ड मागितलं तर खिडकीतल्या माणसाने दोन खण शोधले. यावर तुमचं काय उत्तर असतं? मी खूप विचार केला. बहुतेक तुम्ही म्हणाला असतात, "मग सगळ्यांना हजेरीला विचार." ते मी केलं नव्हतं. सगळ्यांना विचारलं असतं तर कदाचित तुम्ही माझ्याच बाजूने बोलला असतात. हे वाटतं तेव्हा जास्त त्रास होतो.

काल तुमच्याकडे आलो होतो. काका म्हणाले, "आणलीस?" एवढंच. हजेरीची वेळ होत आली होती. पोस्टकार्ड काढून मी टेबलावर ठेवलं, सेट चालू केला. पाटी हातात होती. पण ती लगेच घालवेना. मी तुमच्या खुर्चीत बसलो आणि खाच तशीच ठेवून ऐकत राहिलो.

मामांनी एकेकाला पुकारलं. कंपाउंडर ढगांबद्दल बोलला. कराडच्या बाई मुलीच्या परीक्षेबद्दल बोलल्या. मग माझं चिन्ह आलं. मी सवयीने माइक उचलला, बटण दाबलं, "हजर" म्हणालो. माझा आवाज त्या खोलीबाहेर गेला नाही. मामा थांबले होते. त्यांचा श्वासही ऐकू येत होता. किती जवळून ऐकू येतं बाई तुमच्या या सेटवर, माणूस शेजारी बसल्यासारखं. तुम्ही मला रोज एवढ्या जवळून ऐकत होतात.

"बिरू ऐकत आसंल," मामा म्हणाले. "पुढं चला."

काका स्वयंपाकघरातून आले, माझ्या हातातल्या पाटीकडे आणि मग खाचेकडे बघितलं. "अरे, घाल की आता. किती वेळ बसवून ठेवशील तिला?"

मी सेट बंद केला आणि पाटी खाचेत सरकवली.